थांबा, असं कोणी म्हणायचं?

भाची वर्ध्यातल्या एका महिला क्रिकेट क्लबच्या निवड समितीवर आहे. यादी सोमवारी लावायची आहे आणि ३६ वर्षांच्या माजी कर्णधार ताईंच्या नावावर समिती अडली आहे. मामा निवृत्त सर्जन, राहायला सेवाग्रामला. आश्रमातली सायंप्रार्थना आटोपून दोघं घराकडे निघाले आहेत.

भाची : मामा, त्यांनी आपणहून समजून घ्यावं, असं आमच्या सगळ्यांचं मत आहे. ज्या बाईनं क्लब उभा केला, तिला आम्ही पोरींनी कसं काढायचं? वाईट दिसतं ते.

मामा : म्हणजे जड काम तिनं करावं आणि तुम्ही हारतुरे घेऊन उभ्या राहावं. सोयीचं आहे.

भाची : सोयीचं काहून? मोठी माणसं वेळेवर थांबतातच की. विजय मर्चंट बघा. १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ काढल्या आणि पुन्हा कसोटी खेळले नाहीत. वय ४०. लोक ‘का थांबलात’ म्हणतील तेव्हा थांबावं, ‘का थांबत नाही’ म्हणायची वेळ आणू नये, हे त्यांच्याच नावावर सांगतात ना?

मामा : सांगतात. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. खांदा धड असता तर ते थांबले असते की नाही, देव जाणे. शरीरानं घेतलेल्या निर्णयाला आपण शहाणपणाचं प्रमाणपत्र दिलं आणि तेच माप पुढच्या सगळ्यांना लावत बसलो.

भाची : बरं, मर्चंट सोडा. द्रविड? २०११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाकीचे कोसळत असताना त्यानं तीन शतकं ठोकली, ४६१ धावा. त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात आठ डावांत सहा वेळा त्रिफळा उडाला. मार्चमध्ये तो थांबला. ऑगस्टमध्ये लक्ष्मण थांबला, तोही संघात निवड झालेली असताना. कोणी धक्के मारून काढलं नाही त्यांना.

मामा : खरं आहे. पण इंग्लंडमधलं तिसरं शतक झालं त्या संध्याकाळी कोणी द्रविडला सांगितलं असतं, की सहा महिन्यांत तुझ्या बॅट-पॅडमधून चेंडू जाईल, तर त्यानं ऐकलं असतं? ऐकूच नये त्यानं. ‘पुढच्या डावात जमेल’ असं वाटतं म्हणून तर माणूस सोळा वर्षं खेळतो. ते वाटणं बंद झालं की तो पंचविशीतही संपतो. मोठेपण ज्या हट्टातून आलं, त्याच हट्टाला ‘आता वेळ झाली’ हे ओळखायला सांगणं म्हणजे आरोपीलाच न्यायाधीश करणं.

भाची : तुम्ही स्वतः तर ऑपरेशन करणं आपणहून थांबवलंत.

मामा : असं घरात सगळ्यांना वाटतं. माझं काही चुकलं नव्हतं, हात थरथरत नव्हता. पण आमच्या भूल देणाऱ्या बाई एक दिवस चहा पिताना म्हणाल्या, ‘सर, पूर्वी तुमच्या हर्नियाला चाळीस मिनिटं धरून मी औषधाचा अंदाज बांधायची. आता तासाभराचा बांधते.’ मला पत्ताच नव्हता. आतून तेवढंच सफाईदार वाटत होतं. घड्याळ त्यांच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं.

भाची : पण क्रिकेटमधलं घड्याळ इतकं सरळ चालत नाही ना. आपण नागपूरच्या जामठ्याला होतो तो सामना आठवतो? १२ मार्च २०११, विश्वचषक, दक्षिण आफ्रिका.

मामा : सचिनचं नव्व्याण्णवावं शतक. १११. एक बाद २६७ वरून सगळे २९६ मध्ये गारद, आणि आपण हरलो.

भाची : शंभराव्यासाठी मग वर्षभर देश ताटकळला. तेवढ्यात इंग्लंडमध्ये चार आणि ऑस्ट्रेलियात चार, अशा परदेशातल्या सलग आठ कसोटी हरलो. जगज्जेता संघ म्हातारा झाला, अशी ओरड सुरू झाली. २०१२ च्या डिसेंबरात त्याच जामठ्यावर अँडरसननं सचिनचा त्रिफळा उडवला. धावा २. सगळे म्हणाले, संपला. आणि दोन महिन्यांनी चेन्नईत त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८१ काढल्या! शिवाय ज्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून ओरड होती, त्यात कोहलीच्या ३०० खालोखाल सचिनच्याच २८७ होत्या. सांगा आता, कुठल्या तारखेला त्याला काढायला हवं होतं?

मामा : नाही सांगता येणार. पुरावा स्वच्छ कधीच नसतो. उतार पायऱ्यांसारखा नसतो, मधेमधे चढही लागतो. म्हणून निवडणाऱ्याच्या हातून चूक होणार, हे धरूनच चालावं लागतं. प्रश्न एवढाच, की कुठली चूक जास्त महाग?

भाची : लवकर काढण्याची. एका माणसाचा अपमान होतो, तोही सगळ्यांसमोर.

मामा : ती चूक दिसते. तिला चेहरा असतो. उशिरा काढण्याच्या चुकीला चेहरा नसतो, कारण ज्याचं नुकसान झालं तो बाहेरच बसलेला असतो. अमोल मुझुमदार आठव. १९८८, आझाद मैदान, शाळेचा सामना. सचिन आणि कांबळी ६६४ धावांची भागी करताहेत आणि पुढचा फलंदाज अमोल पॅड बांधून बसलाय. पुढं रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या. कसोटी एकही नाही.

भाची : पण मामा, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतं. मुझुमदारच्या उमेदीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण भरात होते. त्यांना काय म्हणून बसवायचं?

मामा : बसवायचं नव्हतंच. तेव्हा जागा त्यांच्या हक्काची होती आणि मुझुमदारचं ते दुर्दैव होतं, अन्याय नव्हता. पण समज, तोच पोरगा तसाच पॅड बांधून बसलाय, आणि पुढचा माणूस धावांच्या नव्हे, पुण्याईच्या जोरावर खेळतोय. बसणं तेच, पण आता तो अन्याय आहे. तुमच्या क्लबात कोणी बसलंय का असं?

भाची : आहे एक. आर्वीची मुलगी, १९ वर्षांची. दोन मोसम पाणी नेऊन राहिली.

मामा : तिच्यासाठी तुमच्या समितीत कोणाचा गळा दाटून आला?

भाची : ... नाही आला. पण कठोरपणाही मी पाहिलाय, निदान वाचलाय. अजित वाडेकर. १९७१ ला वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकून आणल्या. १९७४ ला इंग्लंडमध्ये ०-३, लॉर्ड्सवर ४२ सर्वबाद. परत आल्यावर पश्चिम विभागाच्या संघातूनही नाव गेलं आणि माणूस खेळच सोडून मोकळा झाला. तीन वर्षांत डोक्यावरून पायाखाली. अशी निवड हवी तुम्हाला?

मामा : ती निवड नव्हे, तो राग. शिक्षा करायची म्हणून वगळणं आणि दुसरी जास्त उपयोगी म्हणून वगळणं, दोन्हीत यादी सारखीच दिसते, पण वगळलेल्या माणसाला फरक बरोबर कळतो. आणि बघ, तोच वाडेकर पुढं नव्वदीत भारतीय संघाचा व्यवस्थापक झाला, निवड समितीचा अध्यक्षही झाला. संघातून जाणं म्हणजे खेळातून जाणं नसतं. वसीम जाफर मुंबईचा. चाळिशीला टेकलेला असताना आपल्या विदर्भाकडून रणजी जिंकला, दुसऱ्या वर्षी परत जिंकला, आणि त्या मोसमात हजारावर धावा केल्या. भारतीय संघाला तो नको होता, विदर्भाला हवा होता. दोघांचंही बरोबर होतं.

भाची : आपण आत्ता ज्यांच्या कुटीवरून आलो, त्या गांधीजींनीही जागा सोडलीच होती की.

मामा : १९३४ मध्येच काँग्रेसचं चार आण्यांचं सभासदत्वसुद्धा सोडलं, आणि १९३६ मध्ये या गावी आले, तेव्हा हे शेगाव होतं. पण १४ जुलै १९४२ ला ‘भारत छोडो’चा ठराव कार्यकारिणीनं कुठं केला? वर्ध्यात. म्हणून म्हणतो, जागा सोडणं आणि संपणं एकच समजू नकोस. तुमची खरी गल्लत इथंच होते आहे.

भाची : म्हणजे?

मामा : तुम्ही दोन प्रश्नांचा गुंता केलाय. ‘ही बाई संपली का?’ हा एक, आणि ‘येत्या तीन सामन्यांना सर्वांत चांगल्या अकरा जणींत ती बसते का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देण्याची ना तुमची पात्रता, ना अधिकार. दुसऱ्याचं उत्तर देण्यासाठीच समिती असते. रोहित शर्मा, आपल्या नागपुरात जन्मलेला पोरगा. ऑस्ट्रेलियात तीन कसोटींत ३१ धावा झाल्या, तेव्हा २०२५ च्या जानेवारीत सिडनीच्या सामन्यातून तो स्वतः बाजूला झाला. आणि सामना चालू असतानाच सांगितलं, की मी निवृत्त होत नाहीये. लोक हसले. मला ते पटलं. या सामन्यात माझा उपयोग नाही, हे त्याला कळलं. मी संपलो का, ते नंतर बघू. मे महिन्यात त्यानं तेही ठरवलं.

भाची : पण कर्णधारानंच स्वतःला बसवावं लागलं, ते तुमच्या आरोपी-न्यायाधीशाच्या विरुद्ध नाही का?

मामा : आहे. त्यानं ते केलं हा त्याचा मोठेपणा. त्याच्यावर ते करायची वेळ आली, हा बाकीच्यांचा कमीपणा. निवृत्ती खेळाडूची, निवड समितीची. समिती आपलं काम टाळते, तेव्हा खेळाडूला निवृत्तीचा आडोसा करून तिचं काम करावं लागतं. आणि या टाळाटाळीला आपण आदर म्हणतो.

भाची : मग सोमवारी नाव नसेल. पण त्यांनी यादी फळ्यावर वाचू नये. रविवारी घरी जाऊन सांगते. काय सांगू पण? ‘ताई, तुमचं योगदान मोठं आहे’ वगैरे?

मामा : योगदान निरोप समारंभात काढतात. तू सांग, ‘या तीन सामन्यांत तुम्ही नाही. वेगवान गोलंदाजीवर तुमची बॅट उशिरा येते, तुमच्या जागी आर्वीची मुलगी खेळेल. पुढच्या निवडीला तुम्ही नेट्समध्ये असलात तर सगळ्यांसोबत बघू.’ थांबायचं की नाही, ते त्या ठरवतील.

भाची : चिडतील हो. दारातूनच परत पाठवतील.

मामा : चिडू दे ना, बाप्पा. चिडणं हा तिचा हक्क आहे. आपण माणसाला ‘आपणहून’ जायला लावतो ते कशासाठी? तिला कोणावर चिडता येऊ नये म्हणून. जागा तर घेतलीच, निदान राग तरी तिचा तिच्याकडे राहू द्या.