अस्तंब्याची चढण आणि गुडघ्याचं तप

दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा डोंगरावर अश्वत्थाम्याची यात्रा भरते. शिखर सुमारे १,३२५ मीटर उंच. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा इथेच फिरतो, अशी सातपुड्यातली श्रद्धा. महाभारतात त्याला शाप तीन हजार वर्षांचा. लोकांनी मात्र त्याला चिरंजीवच ठेवलं.

बरी न होणारी वेदना काय असते, हे गुडघे झिजलेला यात्रेकरू जाणतो. चढण एकवेळ निभते. उतरताना पायरीपायरीला कळ येते. हे दुखणं पुण्याच्या खात्यात जमा होतं का? गीतेचा सतरावा अध्याय हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस ठरवतो. निकाल स्पष्ट आहे, पण नवस फेडायला निघालेल्याला तो ऐकवणार कोण!

गुडघ्याच्या उपचारांतही श्रद्धा असतेच. शॉकवेव्ह हा त्यातलाच एक उपचार. शॉकवेव्ह म्हणजे विजेचा झटका नव्हे, त्या ध्वनिलहरी. १९८० मध्ये म्युनिकला त्यांच्या साहाय्याने रुग्णाचा मूतखडा फोडला गेला. आता तशाच, पण सौम्य लहरी जेल लावलेल्या गुडघ्यावर टकटक करतात. व्यायामासोबत दिल्यास दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवते, याला मात्र भक्कम पुरावा नाही.

मशीनवर भार टाकून घरचा व्यायाम टाळणं हा नवसाचाच नवा अवतार. खरं काम मांडीच्या स्नायूंचं: पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबून काही सेकंद धरायची, सोडायची. रोज. यात ना घंटा वाजते ना यंत्र, म्हणून ते लवकर सुटतं.