सर्व मुलांस एकच पुस्तक?

नाताळ जवळ येऊं लागला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्यें शब्बाथशाळेच्या बक्षिसांचा विचार सुरू होतो. वर्गणी गोळा होते, पंच बसतात, आणि बहुधा एकच ठराव होतो: मुलें चाळीस आहेत, तर एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती आणाव्या. असें केल्यानें हिशेब सोपा होतो, कोणाच्या आईबापांस कुरकुर करावयास जागा राहत नाहीं, आणि आपण सर्वांस सारखें दिलें असें समाधानही मिळतें. हें समाधान खरें आहे काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. सारखें देणें आणि न्यायानें देणें या दोन गोष्टी एकच आहेत काय?

या प्रश्नाकडे आमचें लक्ष आमच्याच चुकीनें वेधलें, म्हणून ती आधीं सांगतों. एका मंडळींत बक्षिसें निवडण्याचें काम आमच्याकडे होतें. आम्हीं एकच पुस्तक न घेतां वयाप्रमाणें तीन प्रकारचीं पुस्तकें घेतलीं, आणि आपण फार विचारानें वागलों असें आम्हांस वाटलें. सहावींत शिकणाऱ्या एका मुलास त्याच्या वयाला शोभेल असें दीडशें पानांचें एक चरित्र मिळालें. पुढें पावसाळ्यांत त्याच्या घरीं जाण्याचा योग आला. पुस्तक फळीवर जसेंच्या तसें होतें. त्यावर धूळ बसूं नये म्हणून त्याच्या आईनें फडकें घातलें होतें. एक पान वाचून दाखव बाळ, असें आम्हीं सहज म्हटलें. मुलगा अक्षरें ओळखीत होता, पण जोडाक्षर आलें कीं अडखळत होता, आणि ओळीच्या शेवटाला पोहोंचेपर्यंत तिचा आरंभ विसरत होता.

पुढच्या नाताळांत आम्हीं ती चूक सुधारली, आणि त्याहून मोठी चूक केली. त्याचें नांव पुकारून, सर्व मंडळीसमक्ष, बालवर्गाला दिलें तेंच मोठ्या अक्षरांचें, ससा-कासवाच्या चित्रांचें पुस्तक त्याच्या हातीं दिलें. मागें बसलेल्या मुलांत कोणी तरी हसलें. आशीर्वाद झाल्यावर पाहतों तों पुस्तक सतरंजीवरच होतें व मुलगा निघून गेला होता. पहिल्या वर्षीं आम्हीं त्याचें वय पाहिलें, वाचन पाहिलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं वाचन पाहिलें, वय पाहिलें नाहीं. दोन्ही वर्षीं मुलगा पाहिला नाहीं.

असा मुलगा विरळा असता तर हें लिहिण्याचें कारण नव्हतें. ‘असर’ या नांवानें ओळखली जाणारी ग्रामीण शिक्षणाची पाहणी २००५ पासून होत आली आहे. तींत मुलांच्या घरीं जाऊन त्यांची वाचनाची शक्ति अजमावतात. अक्षरें, शब्द, लहानसा परिच्छेद आणि दुसरीच्या पुस्तकाच्या तोडीचा मजकूर, अशा तिच्या पायऱ्या आहेत. २०१८ सालच्या पाहणींत देशांतील पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांसच तो दुसरीचा मजकूर वाचतां आला. तेव्हां मूल कितवींत आहे एवढें विचारून पुस्तक निवडणें म्हणजे पाय न मोजतां जोडा घेण्यासारखें आहे. आणि या मुलांस आळशी म्हणूनही चालणार नाहीं. कोणाचें कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला जातें व शाळा मध्येंच तुटते. कोणाच्या घरची बोली पुस्तकांतल्या भाषेहून निराळी असते. कोणाची दृष्टि अधू असते व चष्म्याचा विचार घरांत कोणीं केलेलाच नसतो.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस हा विचार नवा वाटूं नये. करिंथ येथील मंडळीला जड अन्न पचण्यासारखें नव्हतें, म्हणून आपण तिला दूध पाजलें, असें पौल लिहितो. कूशी राणीचा खजिनदार रथांत बसून यशयाचें पुस्तक वाचीत होता; तो लहान मूल नव्हता, मोठा अधिकारी होता, तरी वाचलेलें त्यास उमगत नव्हतें. फिलिप्पानें त्याचें पुस्तक काढून घेतलें नाहीं, किंवा त्याच्या पदवीकडे पाहून मुकाट्यानें बाजूलाही झाला नाहीं. तो त्याच्याजवळ रथांत बसला. यावरून दोन गोष्टी दिसतात. वाचनाची पायरी ही माणसाची योग्यता नव्हे. आणि पुस्तक देणाराचें काम पुस्तक हातीं दिल्यानें संपत नाहीं.

आतां पुस्तक अवघड कशानें होतें तें पाहूं. ज्या लिपींत आपण मराठी छापतों तिला आपले वाडवडील ‘बालबोध’ म्हणत. मिशननें एकोणिसाव्या शतकांत मुलांसाठीं जें मासिक काढलें त्याचें नांवही ‘बालबोधमेवा’ असें होतें. मेवा म्हटला म्हणजे तो तोंडांत विरघळला पाहिजे. परंतु कानामात्रेपर्यंत सुखानें चाललेलें मूल ‘स्वातंत्र्य’ किंवा ‘दृष्टान्त’ अशा शब्दापाशीं ठेंचाळतें. शिवाय वाक्याची लांबी, अक्षरांचा आकार, ओळींमधली मोकळी जागा, चित्रांचें प्रमाण, आणि नव्या शब्दांची दाटी, हीं सर्व पाहावीं लागतात. २००४ सालीं स्थापन झालेली ‘प्रथम बुक्स’ ही संस्था आपल्या गोष्टींच्या पुस्तकांवर १ पासून ४ पर्यंत पायरी छापते. पहिली नुकतेंच वाचूं लागलेल्यांसाठीं, चौथी सराईतपणें वाचणाऱ्यांसाठीं. या पायऱ्या वाचनाच्या आहेत, वयाच्या नव्हेत, हें निवडणारानें ध्यानांत ठेवावें. ज्या पुस्तकावर असा आंकडा नाहीं त्यासाठीं एक सोपी युक्ति आहे. मुलाला मधलें एक पान वाचावयास सांगावें, आणि न येणाऱ्या प्रत्येक शब्दास त्यानें एक बोट मिटावें. एका पानांत पांचही बोटें मिटलीं, तर तें पुस्तक त्यानें एकट्यानें वाचण्यास अजून जड आहे.

परंतु शब्दांचा जडपणा निराळा व विषयाचा जडपणा निराळा. साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. तिचे शब्द सोपे आहेत. चौथींतील हुशार मुलगी ती भरभर वाचील. पण त्या सोप्या शब्दांत कर्ज आहे, अपमान आहे, आईचें मरण आहे. तीं वाचतांना जवळ कोणी मोठें माणूस असावें. म्हणून आमच्या मतें नियम असा: शब्द वाचनाच्या मानानें निवडावे, विषय वयाच्या मानानें निवडावा. मुलगी लवकर वाचूं लागली म्हणून तिच्यावर वयाआधीं जगाचें ओझें घालूं नये, आणि मुलगा उशिरां वाचूं लागला म्हणून त्याला वयामागें ढकलूं नये.

या नियमानें निवड कशी होईल? ज्यांस अजून अक्षरओळख नाहीं त्यांस मांडीवर घेऊन दाखवावयाचीं चित्रांचीं पुस्तकें हवींत; त्यांचा खरा वाचक आई, आजी किंवा मोठी बहीण होय. नुकत्याच वाचूं लागलेल्यांस आपल्या घरांतलीं माणसें भेटविणारीं पुस्तकें गोड लागतात; माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकांचें बळ त्यांतच आहे. दहाबारा वर्षांच्या व बरें वाचणाऱ्या मुलांस धाडस हवें असतें, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्यांस दिला तर जेवणाची हांक ऐकूं येत नाहीं. एवढें पुष्कळ मंडळ्या आज करूं शकतील. खरी परीक्षा त्या सहावीच्या मुलासारख्यांच्या बाबतींत आहे.

अशा मुलास शब्द थोडे पण विषय मोठा, असें पुस्तक पाहिजे. विहिरीवरचा पंप कसा चालतो, साप कोणते विषारी व कोणते नव्हेत, आकाशांतले तारे, सायकलची दुरुस्ती, अशा विषयांचीं पातळ, सचित्र पुस्तकें त्याच्या वयाचा मान राखतात. वेष्टनावर बाळांचीं चित्रें नसावीं. आणि तें पुस्तक चारचौघांत पुकारून देऊं नये.

तिसऱ्या वर्षीं पाळकांनीं आम्हांस आणखी एक वाट दाखविली. बालवर्गांत बारा मुलें होतीं, व त्यांस गोष्ट वाचून दाखविणारें कोणी नव्हतें. तें काम त्यांनीं या मुलाकडे सोंपविलें. शनिवारीं रात्रीं तो तेंच ससा-कासवाचें पुस्तक घरीं पुनःपुन्हां वाची, आणि रविवारीं मुलांस वाचून दाखवी. जें पुस्तक स्वतःसाठीं घेण्याची त्यास लाज वाटली, तें दुसऱ्यासाठीं घेण्याची वाटली नाहीं.

येथें कोणी विचारील: ही फसवणूक नव्हे काय? मुलास वाचावयास लावण्यासाठीं सेवेचें निमित्त केलें, तर तें सत्याला धरून आहे काय? आम्हांसही ही शंका आली. आमचें उत्तर असें कीं, बालवर्गाला वाचणाराची गरज नसतां ती आहे असें सांगितलें असतें, तर ती फसवणूक ठरली असती, आणि मुलांस असली फसवणूक लवकर कळते. पण गरज खरी होती, व काम खरें होतें. खऱ्या कामांत एकाच वेळीं दोघांचें हित साधलें, तर त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. तो मुलगा आतां अस्खलित वाचतो असें आम्ही म्हणत नाहीं. कपाटापाशीं मात्र आतां तो आपण होऊन येतो, व पुढचें पुस्तक मागतो.

राहिला समतेचा आक्षेप. प्रत्येकास निराळें पुस्तक दिलें तर हेवा वाढेल, असें पंच म्हणतात. रानांत इस्राएल लोकांनीं मान्ना उचलला तो प्रत्येकानें आपल्या भुकेप्रमाणें उचलला, आणि मोजून पाहतां कोणाचें उरलें नाहीं व कोणास उणें पडलें नाहीं. देवाची समता भुकेकडे पाहते. सर्वांस सारखी मिळावयाची ती आस्था; पुस्तक ज्याचें त्याला साजेसें असावें. यांत व्यवहारही आहे. एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती घेतल्या तर प्रत्येक मुलास एक पुस्तक मिळतें, आणि गांवांतही एकच पुस्तक येतें. चाळीस निरनिराळीं पुस्तकें घेऊन मंडळीच्या कपाटांत ठेवलीं व अदलाबदलीनें दिलीं, तर त्याच पैशांत गांवांत चाळीस पुस्तकें येतात. मात्र कपाटाची किल्ली पाहुण्यांची वाट पाहत खिळ्याला टांगलेली नसावी.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, वर्गणी गोळा करण्यापूर्वीं शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीं प्रत्येक मुलाबरोबर थोडा वेळ एकांतांत बसावें, त्याच्याकडून एक पान वाचून घ्यावें, आणि त्याला काय जाणून घ्यावेंसें वाटतें तें विचारावें. चाळीस मुलांस चाळीस बैठका लागतील. हा खर्च पैशाचा नाहीं, वेळेचा आहे, आणि म्हणूनच तो करण्यास आपण मागें सरतों. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारितो. आपणही बक्षीस देतांना मुलाचें नांव पुकारतों. तें पुकारण्यापूर्वीं त्याला ओळखून घेऊं या.