शनिवार तेल्यांचा अभ्यासक्रम

खानदेशातल्या शेतकऱ्याला इस्रायल माहीत झाला तो ठिबकमुळे. रावेर-यावलच्या केळीबागेत नळ्या अंथरताना, ड्रिपरमधून तासाला किती लिटर पाणी पडतं याचा हिशेब मांडताना त्या देशाचं नाव सहज निघतं. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये नानदान या इस्रायली कंपनीत निम्मी भागीदारी घेतली आणि पुढे ती पूर्णच विकत घेतली, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. अशा जिल्ह्यात एखाद्या मुलीने बारावीनंतर जाहीर केलं, की मला ज्यू अभ्यासात बी.ए. करायचंय, तर घरात काय होईल? वडील नोकरीचं विचारतील. काका मोबाइलमधून मान वर न काढता म्हणेल, इस्रायलला जायचं तर बीएस्सी ॲग्री कर. आणि आजी तिच्या अहिराणीत विचारेल, "हाई शिकीसन काय करशी व माय?"

आजीचा प्रश्न सर्वांत सरळ आहे. तो टाळून चालणार नाही.

ज्यू अभ्यास ही विद्याशाखा जर्मनीत जन्मली. १८१९ मध्ये बर्लिनमधल्या काही तरुण ज्यूंनी आपल्या संस्कृतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यासाठी एक मंडळ काढलं. लिओपोल्ड त्सुंझ हा त्यांच्यातला अग्रणी. ज्यूंचा इतिहास, साहित्य, कायदा हे विद्यापीठात शिकवण्याजोगे विषय आहेत हे मान्य करून घेण्यासाठी तो आयुष्यभर झगडला. जर्मन विद्यापीठांनी काही दार उघडलं नाही. आज या विषयाच्या पदवीत हिब्रू असते, बायबल आणि तालमूद असतात, मध्ययुगीन स्पेनमधल्या तत्त्वज्ञांपासून पूर्व युरोपातल्या यिडिश साहित्यापर्यंत आणि नाझी संहारापर्यंतचा इतिहास असतो. पोलंडमध्ये क्रॅकोच्या विद्यापीठात हा विषय शिकणारे बहुतेक विद्यार्थी ज्यू नाहीत. ज्या शहरातून ज्यू जवळपास पुसले गेले, तिथली मुलं त्यांची भाषा शिकत बसली आहेत.

मराठी वाचकाला ज्यू भेटतो तो दोन पुस्तकांतून. एक वि. स. वाळिंबे यांचं 'हिटलर', दुसरं ना. ह. पालकरांचं 'इस्रायल : छळाकडून बळाकडे'. दोन्ही पुस्तकांनी पिढ्या वाढवल्या, त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण त्यांतून आपल्या डोक्यात ज्यूंच्या दोनच आकृत्या पक्क्या झाल्या : छळछावणीतला आणि रणगाड्यातला. त्यातच एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर 'माईन काम्फ'चं भाषांतर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, आणि ते विकत घेणारा मुलगा त्याच संध्याकाळी इस्रायलच्या लष्कराचं कौतुक फॉरवर्ड करतो. त्याला यात काही विसंगत वाटत नाही. गाझाचं युद्ध सुरू झाल्यापासून तर ज्यू म्हणजे इस्रायलचं सरकार एवढंच समीकरण उरलं आहे. काहींच्या तोंडी ते स्तुतीला, काहींच्या तोंडी शिवीला.

या सगळ्यात हरवलाय तो घरी मराठी बोलणारा ज्यू.

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. ते कधी आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ते कोकणात घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं, यावर वाद नाही. गावावरून आडनावं पडली : केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, चेऊलकर. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. अलिबागचं सिनेगॉग १८४८ चं. पुण्याच्या लाल देवळाची, म्हणजे तिथल्या सिनेगॉगची, वीटकामाची इमारत मात्र डेव्हिड ससूनची, म्हणजे बगदादी ज्यूंची. त्या दोन समाजांमधलं अंतर हा वेगळाच विषय आहे.

या समाजाच्या ग्रंथविद्येचा इतिहास मला सर्वांत जास्त खिळवतो. जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आला आणि तीनच वर्षांत त्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा. परिणाम उलटा झाला : बेने इस्रायल मुलं हिब्रू शिकली, मराठी बायबल वाचू लागली आणि आपल्या धर्मात आणखी घट्ट बसली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ ची पुण्याची हगादा सचित्र आहे, आणि तिच्यात भारतीय पेहरावातल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षकही होते. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली, पुढे समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये निघाला.

आणि कीर्तन! १८८० च्या सुमारास या मंडळींनी आपल्याच गावातल्या हरिदासांकडे बघून ज्यू कीर्तन सुरू केलं. आख्यानाला अब्राहाम, योसेफ, मोशे. भाषा मराठी, ढंग आपल्याच कीर्तनाचा. ही आख्यानं नीट वाचायची तर वाचणाऱ्याला उत्पत्तीचं पुस्तक ठाऊक हवं आणि पूर्वरंग-उत्तररंगही ठाऊक हवा. जेरुसलेमच्या प्राध्यापकाला पहिलं येतं. दुसरं अमळनेरला सखाराम महाराजांच्या वाडीत कीर्तन ऐकत वाढलेल्या मुलीला येतं, आणि तेही कुठलं व्याकरण न घोकता.

म्हणून आजीला द्यायचं पहिलं उत्तर हे, की या विषयाची निम्मी तयारी नात घरूनच घेऊन निघाली आहे. हिब्रू तिला शिकावी लागेल, दोन-तीन वर्षं घाम गाळावा लागेल. पण बेने इस्रायलांचं मराठी मुद्रित साहित्य वाचू शकणारे अभ्यासक जगात फार थोडे आहेत.

दुसरं उत्तर अवघड आहे. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढली, की बेने इस्रायलांच्या लग्नाची नोंद करण्याआधी त्यांच्या आईची, आजीची वंशशुद्धता तपासावी. दोन हजार वर्षं शनिवार पाळल्याचा दावा सांगणाऱ्यांना, तुम्ही खरंच ज्यू का, असं विचारलं गेलं. निदर्शनं झाली, आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ठराव करून त्यांना सर्वार्थाने ज्यू मानलं. हे प्रकरण युरोपातल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागतं. धुळे-जळगावातल्या मुलाला नाही. १९५० पूर्वीच्या पुराव्यासाठी पणजोबाच्या शाळेचं रजिस्टर धुंडाळत जात पडताळणी समितीच्या पायऱ्या चढलेलं कुणी ना कुणी त्याच्या ओळखीत असतंच. आपण कोण हे दुसऱ्या कुणीतरी कागदावर ठरवायचं म्हणजे काय, हे तो जाणतो. शिवाय बेने इस्रायलांमध्येही गोरा आणि काळा असे भेद होते, त्यांत रोटीबेटीची बंधनं होती. भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते मोठ्या प्रमाणात खरंही आहे. पण आपल्या जातीची वीण त्यांच्या घरातही शिरली हे सांगायचं राहून जातं. छळ केला नाही या समाधानात आपण त्यांची पुस्तकंही वाचली नाहीत.

नोकरीचं काय? खोटं बोलण्यात अर्थ नाही : या पदवीवर जळगावात नोकरी लागणार नाही. पण आमच्याकडे इतिहास घेऊन बी.ए. झालेल्याला तरी कुठे लागते? भाषा, अनुवाद, अभिलेखागार, संग्रहालय, परदेशात पुढचं संशोधन, या वाटा आहेत. अरुंद आहेत.

माझं म्हणणं असं, की आख्ख्या पदवीचा हट्ट धरू नये. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने नव्या शैक्षणिक धोरणातल्या ऐच्छिक श्रेयांकांत मराठी आणि इतिहास या दोन विभागांचा मिळून एक अभ्यासक्रम ठेवावा : मराठी ज्यूंचं वाङ्मय. सोबत प्राथमिक हिब्रू, ऑनलाइन शिकवली तरी चालेल. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. जुना कागद कसा हाताळायचा, कसा वाचायचा हे तिथे शिकता येईल. कोकणातल्या समाजाचा अभ्यास खानदेशात कशाला, असं कुणी विचारेल. ज्यांच्या नावाचं हे मंडळ, त्या इतिहाससंशोधक राजवाड्यांनी स्वतः कागद गोळा करताना कुठल्या जिल्ह्याची हद्द पाळली होती?

इतकं व्हायला एक बैठक आणि दोन उत्साही प्राध्यापक पुरेत. तोवर आपणही काही करू शकतो. धुळ्याचं गरुड वाचनालय, जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, तालुक्याच्या गावांतली शंभरी ओलांडलेली ग्रंथालयं, यांच्या मागच्या कपाटांत एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं पडून आहेत. त्यांत कुठे राजपूरकर, केहीमकर, दिवेकर अशी नावं मुखपृष्ठावर दिसली, तर ते पुस्तक रद्दीत घालू नका. ग्रंथपालांच्या हाती द्या आणि त्याची नोंद करायला सांगा.