गाडी कोणाची?

एखादी गोष्ट खरी कोणाची? जो बांधतो त्याची, की जिच्यामुळे ज्याचं जगणं सोपं होतं त्याची? कापूसतळणीच्या बंद पडलेल्या स्टेशनाने हा प्रश्न माझ्या मागे लावला आहे.

वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरावर आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांना धाडण्यासाठी किलिक-निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडीच फुटी रूळ टाकले. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर असा सुमारे 190 किलोमीटरचा हा मार्ग; कापूसतळणी त्यावरचंच एक स्टेशन. लोकांनी त्याला शकुंतला म्हटलं. स्वातंत्र्यानंतर बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, ही कंपनीचीच राहिली. सरकारी रेल्वे तिच्यावर गाड्या चालवी. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. लहान स्टेशनांवर गार्डच तिकीट देई.

माझी आजी याच गाडीने दर्यापूरच्या बाजाराला भाजी नेई. लहानपणी मी विचारलं, "आजी, गाडी कोनाची वं?" ती म्हणाली, "जिच्या डोक्शावरचं वझं उतरलं, तिची."

आपल्या कर्मविचारात हेतूला मोठं स्थान आहे. कंपनीचा हेतू नफा होता. आजीचं ओझं उतरलं याचं पुण्य मी कंपनीच्या खात्यावर मांडणार नाही. पण त्यामुळे आजीला मिळालेला आधार खोटा ठरत नाही. पुण्य हेतूवर ठरतं, आपलेपण उपयोगावर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कापूसतळणीच्याच तालुक्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी दोन्ही एकत्र आणल्या. त्यांनी धर्मशाळा आणि घाट बांधले ते वाटसरूंसाठीच. एवढं उभारूनही त्यांनी स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी काही ठेवलं नाही.

बाबांकडे पाहिलं की आजीचं उत्तर मला अर्धंच वाटतं. जे माझ्या कामी आलं ते माझं, हे खरं. पण मग त्याची निगाही माझीच. स्टेशन बंद पडलं तेव्हा आम्ही गावकरी कंपनीकडे आणि सरकारकडे बोट दाखवून मोकळे झालो. गाडी सुरू व्हावी, ही मागणी केलीच पाहिजे. पण कीर्तनाआधी बाबा गाव झाडत, त्यासाठी त्यांनी कधी कोणाची मालकी विचारली नाही. स्टेशनाचं आवार झाडायला, तिथली झाडं जगवायला आम्हाला तरी कोणाचा कागद हवा?