अट घातलेला उजेड

"ते लोक जेवायला घालतात, पण आधी प्रवचन ऐकायला लावतात!" बेघरांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थांचा विषय निघाला, की आपल्या मंडळींत हे वाक्य हमखास ऐकू येते. ही शंका गैर नाही. पण तिचे उत्तर वाटते तितके सोपेही नाही.

जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत अमेरिकेत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. अशा माणसांसाठी रात्री दार उघडणाऱ्यांत चर्च आणि मिशन यांचा वाटा मोठा आहे. आपण प्रकाश आणि आशा वाटतो, अशी त्यांची भावना असते आणि ती पोकळ नाही. फुटपाथवर झोपणाऱ्याला जेवणाइतकीच 'आपले अजून काही होऊ शकते' या विश्वासाची गरज असते. ज्याला स्वतःच्या श्रद्धेने सावरले, त्याने ती दुसऱ्यापुढे ठेवली तर त्यात लबाडी कसली?

प्रश्न आहे तो अटीचा. ऑरेगन राज्यातले ग्रँट्स पास हे सुमारे ३८,००० वस्तीचे शहर. तिथे बेघर अंदाजे ६०० आणि प्रौढांसाठी म्हणावा असा निवारा एकच, 'गॉस्पेल रेस्क्यू मिशन'. तिथे धूम्रपानाला बंदी होती आणि उपासनेला हजेरी सक्तीची होती. बाहेर सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपावे, तर शहराचा दंड! हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल शहराच्या बाजूने लागला.

हे कायद्याचे झाले. नीतीचे काय? दुसरे दार उघडे असते, तेव्हा प्रवचन हे निमंत्रण असते. ते नसते, तेव्हा तेच प्रवचन खाटेचे भाडे होते. देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, घेणाऱ्याला 'नको' म्हणता येत नसेल तर त्याच्या 'हो'ला अर्थ उरत नाही. यात मोठे नुकसान श्रद्धेचेच होते.

याहून निराळी वाट ख्रिस्ती परंपरेतच सापडते. १९३३ साली, महामंदीच्या काळात, डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी न्यूयॉर्कमध्ये 'कॅथलिक वर्कर' चळवळ सुरू केली. डोरोथीबाई स्वतः अत्यंत श्रद्धाळू. पण त्यांच्याकडे सूप आणि बिछाना मिळवायला प्रार्थनेची अट नव्हती. त्यांची एक गोष्ट सांगतात. कोणीतरी देणगी म्हणून हिऱ्याची अंगठी दिली. बाईंनी ती नेहमी जेवायला येणाऱ्या एका म्हातारीला देऊन टाकली. "विकली असती तर तिचे कितीतरी महिन्यांचे भाडे निघाले असते," असे कोणी म्हणाले. त्यावर बाईंचे म्हणणे एवढेच, की अंगठी विकायची की बोटात घालून मिरवायची, हे तिचे ती ठरवील. मला वाटते, आशा म्हणतात ती हीच. ज्याचे सगळे हातातून गेले, त्याला स्वतःपुरते काही ठरवण्याचा मान परत मिळणे.

तरीही ग्रँट्स पासचा सगळा दोष त्या मिशनच्या माथी मारता येत नाही. दंड लावला तो शहराने. आणि मिशनने आपले दार, अटीसह का होईना, उघडे तरी ठेवले होते. त्याच्या शेजारी दुसरे दार उघडायला कोण पुढे आले? प्रवचनाबद्दल शंका घेण्याचा अधिकार आपल्या सर्वांना आहे. पण बिनअटीचे एखादे दार उघडणाऱ्याच्या तोंडी ती शंका अधिक शोभते.