कोऱ्या नकाशाची साक्ष

१९५८ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या वॉटर न्यूटन गावाजवळ ए-१ रस्त्याचं रुंदीकरण व्हायचं होतं. रोमन काळात इथे ड्युरोब्रिव्ही हे कुंभारकामासाठी नावाजलेलं नगर होतं, त्यामुळे वाटेत भट्ट्या असणार याबद्दल शंका नव्हती. नेमकं कुठे खणायचं हेच कळत नव्हतं. ऑक्सफर्डचे मार्टिन एटकिन प्रोटॉन मॅग्नेटोमीटर घेऊन तिथे गेले आणि गाडलेली भट्टी सापडली. चुंबकमापनाने जमिनीखालचं पुरातत्त्व शोधण्याची विद्या अशी रस्त्याच्याच निमित्ताने जन्मली. तिचं मर्म साधं आहे. मातीतली लोहखनिजं खूप तापून थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात, म्हणून भट्टी ठळक उमटते. चूल-राखेची, वस्तीतली माती खंदकात साचली की तिथलाही चुंबकीय गुण भोवतालापेक्षा किंचित वेगळा होतो. ब्रिटनमध्ये पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४८,००० नॅनोटेस्ला असतं, आणि बुजलेल्या खंदकाने पडणारा फरक पुष्कळदा दोन-चार नॅनोटेस्लांचाच. म्हणजे यंत्र जुनेपण मोजत नाही, फरक मोजतं. ही गोष्ट मान्य केली, तर रस्ता आखताना अशा सर्वेक्षणाकडून काय मागायचं हेही ठरतं. ‘कुठे थांबून पाहावं’ हे ते सांगू शकतं. ‘इथे काही नाही, खुशाल बुलडोझर घाला’ असा दाखला देण्याचा अधिकार त्याला नाही. गंमत अशी की व्यवहारात बहुतेकांना हवा असतो तो दाखलाच.

आयर्लंडचा एम-३ महामार्ग प्राचीन राजांच्या टारा टेकडीजवळून जातो. २००७ मध्ये या मार्गावर लिसमलिन इथे वरची माती काढल्यावर खुंटांच्या वर्तुळांची एक लोहयुगीन रचना उघड झाली. तिचं बाहेरचं वर्तुळ सुमारे ८० मीटर व्यासाचं होतं. आधीच्या चाचण्यांमध्ये तिचं हे रूप कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि त्याला कुणाचा निष्काळजीपणाच कारण असेल असं नाही. लाकडी खुंटाचं भोक ते केवढं! यंत्र घेऊन सर्वेक्षक साधारण एकेक मीटर अंतराने ओळी चालत जातो. वीतभर रुंदीचं भोक दोन ओळींच्या मधे सहज निसटतं, आणि ओळीखाली आलं तरी त्यात जळकी माती नसेल तर भोवतालाशी फरक नगण्य. खंदक खणणारी, भट्ट्या लावणारी माणसं सर्वेक्षणाच्या नकाशावर उमटतात. लाकूड रोवून, छप्पर घालून, काही पिढ्यांनी निघून गेलेली माणसं पुसट राहतात. कोऱ्या नकाशाला निर्दोष ठरवणं हा अशा माणसांवर अन्याय आहे. लिसमलिनला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, शास्त्रशुद्ध उत्खनन झालं, आणि रस्ता ठरल्या जागेवरूनच गेला, कारण तोवर काम सुरू होण्याच्या टप्प्यावर आलं होतं. उलट वॉटरफर्डच्या वळणरस्त्यावर वुडस्टाउनची व्हायकिंग वसाहत २००३ मध्ये, पुरेशी आधी सापडली, आणि तिथे मार्ग बाजूला सरकवण्यात आला. दोन्ही ठिकाणी देश एकच होता. उशिरा सापडलेल्या अवशेषांची नोंद होते. लवकर सापडलेल्यांना निदान निवड मिळते.

यावर आक्षेप येतो की यंत्राला असलेलं दिसत नाही, तसं नसलेलंही दिसतं. तोही खरा आहे. स्टोनहेंजपासून सुमारे तीन किलोमीटरवर डरिंग्टन वॉल्स इथे जमिनीत शिरणाऱ्या रडारच्या आधारे २०१५ मध्ये बंधाऱ्याखाली आडवे पडलेले अनेक प्रचंड दगड असल्याचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी खणून पाहिलं तर दगड नव्हते, खडूने बुजवलेले लाकडी खांबांचे खड्डे होते. मग यंत्र सोडून थेट चर खणावेत का? पण चाचणीचे चर बहुधा क्षेत्राच्या काही टक्क्यांपुरतेच असतात. ते चुकीच्या जागी पडले तर तेही तितकेच आंधळे. डरिंग्टनचा धडा मला वेगळा वाटतो: अर्थ चुकला, पण कुठे खणायचं हे अचूक कळलं होतं. नकाशा आणि कुदळ यांनी एकमेकांची उलटतपासणी करायची असते. खर्चाचा आक्षेप याहून जड. उत्खननाला पैसा आणि वेळ लागतो, हे कोण नाकारेल? पण यंत्र दिवसात कित्येक हेक्टर फिरतं आणि मातीचं ढेकूळही हलवत नाही. महाग पडतो तो उशीर. ठेका देऊन झाल्यावर सापडलेलं काहीही अडथळाच वाटतं.

महाराष्ट्रात हा विषय आणखी बिकट होतो. दख्खनचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे; खडक उथळ असेल तिथे त्याच्या आवाजात खंदकाची कुजबुज ऐकू येत नाही. काळ्या मातीतली चिकण रडारच्या लहरी शोषून घेते. म्हणून इथे यंत्रं निरुपयोगी, असा निष्कर्ष मात्र घाईचा. विद्युतरोध मोजणं आहे, आणि त्याआधी पायी फिरून पाहणं आहे. गावाच्या भाषेत शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पांढऱ्या टेकाडाखाली जुनं गाव असतं हे शेतकऱ्याला यंत्राविना ठाऊक असतं. पण इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांना मडक्यांत पुरलेलं सापडलं, ते वरून कुठे दिसत होतं? आपला प्राचीन स्मारकांचा कायदा वॉटर न्यूटनच्याच वर्षीचा, १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित ठरवले. ही मोजणी सुरू होते ती जाहीर झालेल्या स्मारकाच्या हद्दीपासून. जमिनीखाली असलेल्या, अजून नाव नसलेल्या पांढरीला हद्दच नाही. निदान सर्वेक्षणाच्या अहवालात ‘काही आढळले नाही’ या ओळीखाली आणखी एक ओळ सक्तीची असावी: कोणत्या पद्धतीने, किती अंतराच्या ओळींनी, कोणत्या खडकावर पाहिलं, आणि किती लहान गोष्ट दिसली नसती.