त्याला दम लागू दे

चि. मेघनास,


खो-खो खेळून चिन्मय धापा टाकत घरी येतो, छाती धडधडत असते, म्हणून त्याचं मैदान बंद करून त्या वेळात गणिताचा क्लास लावलास, असं तू लिहिलंस. मला हे मुळीच पटलं नाही.

अकरा वर्षांच्या मुलाचं हृदय लहान असतं. एका ठोक्याला ते मोठ्या माणसाच्या मानानं थोडंच रक्त पुढे ढकलतं. पळताना पायांना जास्त ऑक्सिजन हवा, तर ठोके वाढवण्याखेरीज त्याला इलाज नसतो. जीव तोडून पळणाऱ्या निरोगी मुलाची नाडी मिनिटाला २०० च्या घरात जाते, आणि त्या वयात ते स्वाभाविकच आहे. श्वासाचंही तसंच. एका श्वासात मावणारी हवा कमी, म्हणून श्वास भराभर. खेळ थांबला की मुलं मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. घाबरण्याआधी तेवढं पाहत जा.

नियमित खेळणाऱ्या मुलाचं हृदय हळूहळू एका ठोक्यात जास्त रक्त देऊ लागतं. मग तेवढंच पळायला ठोके कमी लागतात, बसल्या जागीही नाडी जरा उतरते. खेळानं फुप्फुसं मोठी होतात असं लोक सांगतात, त्यावर फार विसंबू नकोस. ती मुख्यतः उंचीबरोबर वाढतात. श्वासाचे स्नायू मात्र कसदार होतात आणि तेवढ्याच श्रमाला धाप कमी लागते. मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा कमी दिसतो, म्हणून महिन्याभरात निकाल मागू नकोस.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस चांगला दम लागेल अशी. म्हणजे ज्याला तू दुखणं समजतेस, तेच त्याला हवं आहे.

पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, श्वासात शिट्टीसारखा आवाज आला किंवा खेळानंतर खोकला थांबेना, तर मात्र खेळ थांबवून डॉक्टरांकडे ने. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही त्यांना सांग. चिन्मयच्या बाबतीत यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस.

क्लासची वेळ बदलून घे. सोमवारपासून त्याला पुन्हा मैदानावर पाठव.

तुझी,
मावशी